जेवल्यावर थांबतं की वाढतं

भिवापूरला मिरचीचा हंगाम लागला
की आधी आमच्या नाकाला कळतं.
सातऱ्यावरची बाई दाखल झाली
की अख्खा महिला वॉर्ड शिंकतो,
आणि खाट नंबर सातची बाळंतीण
बाळाच्या तोंडावर पदर ओढते.

दुर्पता नन्नावरे. वय अंदाजे बावन्न.
चक्कर, अशक्तपणा, एवढंच सांगितलं.
शौचाचा रंग मी विचारला तेव्हा भिंतीकडे बघून म्हणाली,
"डांबरासारका जी. तीन दिस झाले.
मले वाटलं, वांगे खाल्ले म्हून."

सलाइनसाठी हात धरला.
देठ खुडून खुडून बोटांची टोकं गुळगुळीत,
अंगठा लावायची वेळ आली तर ठसा उमटणार नाही अशी.
शीर शोधता शोधता माझाच डोळा चुरचुरला.
स्पिरिटचा बोळा तिच्या मनगटावरून फिरवला, लाल झाला.
रक्त नव्हतं ते.

नाडी एकशे अठरा. वरचा दाब नव्वद.
नाकातून नळी घालताना म्हणत राहावं लागतं,
गिळा मावशी, पाण्यासारखं गिळा, अजून एकदा.
तिने उमासासुद्धा गिळला
आणि वर माझीच माफी मागितली.
नळीतून जे आलं त्याला पुस्तकात म्हणतात
कॉफीच्या चोथ्यासारखं.
इथे कॉफी कोण पितं?
नोंदवहीत मी कॉफी लिहिलं.
होता तो चहापत्तीचा गाळ.

रक्ताची पिशवी नागपुरात,
गाडी दुसऱ्या कुणाला घेऊन गेलेली.
डॉक्टर फोनवर. मी तिच्या उशाशी,
दर पंधरा मिनिटांनी मनगटावर दोन बोटं.
मधल्या वेळात तो प्रश्न विचारला,
ट्रेनिंगमध्ये मेट्रनने घोकून घेतलेला:
दुखणं जेवल्यावर थांबतं की वाढतं?
वाढलं तर जठर.
थांबलं तर त्याच्या पुढचं वळण,
आतड्याची पहिली बारा बोटं.

तिने बराच विचार केला.
"जेवल्यावर म्हंजे कवा, बाई?"

चेष्टा नव्हती ती. हिशेब लावत होती.
सहाला टेम्पो येतो, तेव्हा कोरा चहा.
बसून बसून पाठ धरते,
मग टपरीवरची पांढरी गोळी, दोन रुपयाला,
कधी दोन, मार्चात तीन.
"गोळीनं पाठ थांबे.
पाठ थांबली का पोट चालू होये.
राती दोनाले उठून भाकरीचा कुटका खाल्ला
का मंग डोळा लागे."

त्या कुटक्यात सगळं निदान होतं.
इतकी वर्षं ते फडक्यात बांधून
चुलीमागे ठेवलेलं.

भिंतीवरच्या तक्त्यात पहिलीच ओळ, तिखट वर्ज्य.
मी सवयीने वाचून दाखवली.
"तिखट तं मी खातच नाई बाई,
वीस वर्सं झाले. हातालेच पुरते."

दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी आली.
चिठ्ठीत मी 'वेदनाशामक, उपाशीपोटी' खाली
दोन रेघा मारल्या.
'शेवटचे जेवण' हा रकाना भरताना पेन अडलं.
स्ट्रेचरवरून तिने विचारलं,
आजचा खाडा लागंन का.

ड्युटी संपली तरी घरी गेले नाही.
हात तीनदा धुतले होते, तरी डोळ्याला लावायची सोय नव्हती.
बसस्टँडच्या मागे टेम्पो उभा राहतो तिथे गेले,
पांढऱ्या साडीवर स्वेटर, पायात वॉर्डातल्याच चपला.
बायका चढत होत्या. टपरीवाला बरणीचं झाकण उघडत होता.
मी मोठ्यानेच विचारलं,
कोणाला काळं होतं का गं, डांबरासारखं?

टेम्पो हसला.
पदर तोंडात कोंबून, एकमेकींना कोपर मारून,
सकाळी सकाळी काय विचारते ही सिस्टर!

कडेला, फाळक्याला धरून उभी होती एक,
तिशीचीसुद्धा नसेल.
ती हसली नाही.